सातचा भोंगा वाजला, मोबाइल बंद झाले. पण त्याचा परिणाम मोजायचा कसा?

संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घराघरातले टीव्ही बंद होतात, मोबाइल बाजूला ठेवले जातात. पोरं दप्तर काढून बसतात, मोठी माणसं ओट्यावर येतात. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की पुन्हा सगळं सुरू.

हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. वस्ती साधारण ३ हजार, बहुतेक लोक शेतकरी किंवा साखर कारखान्यातले कामगार. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि शाळा परत सुरू झाली तरी मोबाइल काही मुलांच्या हातातून सुटेना. शेवटी १४ ऑगस्ट २०२२ ला गावाने बैठक घेऊन ठरवलं की रोज दीड तास सगळं बंद. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावातले पुरुष आधी हसले होते. बायकांनी मात्र उचलून धरली. मालिकांचं वेड आपल्यालाही लागतंय, हे त्यांनीच बैठकीत कबूल केलं. भोंगा वाजल्यावर फोन खरंच बंद होतात का, हे बघायला सुरुवातीला आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी घालणारा ठराव केला. तिकडे ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी घातली, ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. गावची ग्रामसभा असो की देशाची संसद, निर्णय धडाधड होतायत.

आणि हे सगळे निर्णय ज्या विषयावर आहेत, त्या विषयातल्या संशोधकांना विचारा, ‘मोबाइलचा माणसांवर नक्की काय परिणाम होतो?’ तुम्हाला एका वाक्यात उत्तर मिळणार नाही. ३० वर्षं अभ्यास करूनही मिळणार नाही. त्याचं कारण समजून घेतलं, तर हा अभ्यास पुढे कुठे चाललाय तेही कळतं.

सुरुवात ‘इंडिकेटरखाली भेटू’पासून

मोबाइल नव्हते तेव्हा मुंबईत कुणाला भेटायचं असेल तर आधी सगळं पक्कं करावं लागायचं. दादरला, इंडिकेटरखाली, बरोबर सहा वाजता. समोरचा आला नाही तर वाट बघायची आणि तासाभराने वैतागून घरी जायचं. आज आपण म्हणतो, ‘निघालो की कॉल करतो.’ वेळ आणि जागा जाता जाता ठरते.

नॉर्वेतले समाजशास्त्रज्ञ रिच लिंग यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे नेमकं हेच टिपलं. माणसं फोनवर लांबलचक गप्पा मारण्यापेक्षा बारीकसारीक जुळवाजुळव जास्त करतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे २०१२ मधल्या पुस्तकात त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट मांडली. मोबाइल आता घड्याळासारखा किंवा मोटारगाडीसारखा गृहीत धरला जातो. तुमच्याकडे तो नसेल तर अडचण फक्त तुमची होत नाही, इतरांचीही होते. ‘अरे, याला कळवायचं कसं?’ हा प्रश्न ज्याच्याकडे फोन नाही त्याला पडत नाही, बाकी सगळ्यांना पडतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिस्ड कॉलवरही संशोधन झालंय, हे वाचून हसू येईल. जोनाथन डोनर या अभ्यासकाने रवांडातल्या मिस्ड कॉलच्या अलिखित नियमांवर २००७ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यातला एक नियम आपल्याला शिकवायची गरज नाही: ज्याच्याकडे पैसे जास्त, त्याने उलटा फोन करायचा. पोरगं हॉस्टेलवरून मिस्ड कॉल देणार आणि बाबा कॉल लावणार. एका रिंगमध्ये नातं, पैसा आणि मान, तिन्हींचा हिशेब असायचा.

केरळच्या माशांची गोष्ट

या विषयातलं बहुधा सर्वांत गाजलेलं संशोधन भारतातलं आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावरच्या १५ मासळी बाजारांचे भाव नोंदवले. मोबाइल येण्याआधी मच्छीमार पकडलेली तारली जवळच्या बंदरावर न्यायचे. तिथे गिऱ्हाईक नसेल तर मासे समुद्रात फेकून द्यायचे आणि त्याच वेळी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाइकं रिकाम्या हाती परतायची. पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के अशी वाया जात होती.

मोबाइलची रेंज समुद्रापर्यंत आली आणि मच्छीमार होडीतूनच फोन करून भाव विचारू लागले. मासळी वाया जाणं जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. २००७ मध्ये हा निबंध आला आणि ‘फोन द्या, गरिबी हटेल’ असं म्हणणाऱ्यांना हवा तो पुरावा मिळाला. पुढची कित्येक वर्षं परिषदांमध्ये हेच उदाहरण फिरत होतं.

काही वर्षांनी जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या दोन संशोधक केरळच्या किनाऱ्यावर पुन्हा गेल्या. भावाचे आकडे गोळा करण्याऐवजी त्या मच्छीमारांशी बोलल्या. २०१३ मध्ये त्यांनी मांडलेलं चित्र बरंच गुंतागुंतीचं होतं. होडी केवढी आहे, मासळी कुठल्या प्रकारची आहे, लिलाव करणाऱ्याकडून उचल घेतली आहे का, या सगळ्यावर फोनचा फायदा ठरत होता. शेजारच्या बंदरावर भाव जास्त आहे हे फोनवर कळलं, तरी ज्याचं कर्ज डोक्यावर आहे त्याला सोडून माल तिकडे नेणं सोपं नसतं.

जेन्सन यांचे आकडे चुकीचे होते, असं यातून सिद्ध होत नाही. पण फोन तोच, कंपनी तीच, रेंजही तीच असून परिणाम प्रत्येकासाठी वेगळा होता. फोन कुठल्या नात्यात जाऊन पडतो, त्यावर तो काय करणार हे ठरत होतं. दुर्दैवाने स्मार्टफोन आल्यावर संशोधनाचा मोठा भाग हे विसरला आणि मिनिटं मोजत बसला.

स्क्रीन टाइम: अंदाज करा, मग सेटिंग उघडा

एक काम करा. काल तुम्ही फोन किती वेळ वापरला, मनात एक आकडा धरा. आता फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन खरा आकडा बघा. जमलं?

बहुतेकांचं जमत नाही. आणि गेल्या दोन दशकांतले असंख्य अभ्यास याच अंदाजावर उभे आहेत. प्रश्नावली द्यायची, ‘दिवसाला किती तास?’ असं विचारायचं, शेजारी ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ असं विचारायचं आणि दोन्हींचा संबंध लावायचा. डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांच्यातला मेळ जेमतेम मध्यम निघाला. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही आणि १ म्हणजे तंतोतंत मेळ, असं धरलं तर आकडा ०.३८ होता.

पायाच असा डळमळीत असला की त्यावर कुठलीही इमारत उभी राहू शकते. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल उपकरणांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच वाईट दिसत होता! दुसरीकडे जोनाथन हाइट यांचं २०२४ मधलं ‘द अँक्शस जनरेशन’ हे पुस्तक स्मार्टफोनने एक अख्खी पिढी चिंताग्रस्त केली असं सांगतं, आणि जगभरचे पालक ते वाचून मान डोलावतायत. दोन्ही बाजूंचे अभ्यासक हुशार आहेत, प्रामाणिक आहेत. वाद मिटत नाही, कारण दोघांच्या हातातली फूटपट्टीच नीट नाही.

मग फूटपट्टी बदलायची कशी? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘स्क्रीनोम’ प्रकल्पाने टोकाचा मार्ग घेतला. सहभागी माणसाचा फोन चालू असताना दर ५ सेकंदांनी स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो सांकेतिक रूपात संशोधकांकडे पाठवायचा. अर्थात संमतीने. त्यात दिसलं की एकाच भागात राहणाऱ्या १४ वर्षांच्या दोन मुलांचा फोनवरचा दिवस एकमेकांशी अजिबात जुळत नाही. एक दिवसभर सतत फोन उघडतो आणि बंद करतो, दुसरा मोजक्या वेळा उघडतो. दोघांनाही ‘दिवसाला अमुक तास’ या एकाच खान्यात कोंबण्यात काही अर्थ नाही. पण दर ५ सेकंदांनी कुणीतरी तुमची स्क्रीन बघणार, या अटीवर तुम्ही तयार व्हाल का? आणि जे तयार होतील, ते आपल्या-तुपल्यासारखे असतील का?

एकट्याने बंद करणं आणि गावाने बंद करणं

अलीकडे प्रयोगांवर भर वाढलाय. म्हणजे लोकांना विचारण्याऐवजी खरोखर काहीतरी बंद करून बघायचं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिका आणि कॅनडातल्या ४६७ जणांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवण्याची योजना होती. कॉल आणि मेसेज चालू, बाकी बंद. सहभागींपैकी ९१ टक्के लोकांमध्ये लक्ष टिकवण्याची क्षमता, मानसिक आरोग्य किंवा समाधान यांपैकी निदान एका गोष्टीत सुधारणा दिसली. पण सांगितलेलं पूर्ण पाळणारे लोक फारच कमी निघाले. त्याआधी २०१८ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीच्या वेळी काही लोकांनी पैसे घेऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं होतं. त्यांचा रोज सुमारे एक तास वाचला, थोडं बरं वाटलं, राजकीय कट्टरता कमी झाली. आणि बातम्यांचं ज्ञानही कमी झालं. म्हणजे फायद्याबरोबर तोटाही होता.

सगळ्यात विचार करायला लावणारा प्रयोग शिकागोतल्या अर्थशास्त्रज्ञ लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, ‘चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल?’ सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर. इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर. मग प्रश्न बदलला: ‘तुमच्यासकट कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर?’ आता विद्यार्थी पैसे घ्यायला नव्हे, उलट खिशातून द्यायला तयार झाले. टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर.

एकट्याने सोडलं तर तोटा, सगळ्यांनी मिळून सोडलं तर सुटका. रिच लिंग यांचा जो मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता, तो हाच. बर्स्टिन यांचा निबंध २०२३ मध्ये आला. मोहित्यांचे वडगाव त्याच्या आधीच्या वर्षी, कुठलाही निबंध न वाचता, त्याच उत्तरापर्यंत पोचलं होतं. एका घराने सात वाजता फोन ठेवला असता तर त्या घरातल्या पोराला वाटलं असतं, मित्र तिकडे गेम खेळतायत आणि आपण इथे अडकलोय. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, म्हणून कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही.

इथेच जुन्या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. तिने एक माणूस आणि एक स्क्रीन घेतली. पण फोन हे दोन टोकांचं यंत्र आहे. पुढच्या संशोधनाला घर, वर्ग, गाव, व्हॉट्सॲप ग्रुप असे गट मोजावे लागतील. ते जास्त खर्चिक आणि जास्त अवघड आहे.

फोन घरात आहे, पण कुणाचा?

भारतात तर ‘एक माणूस, एक फोन’ हे गृहीतकच लंगडं आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या दूरसंचार सर्वेक्षणानुसार देशातल्या ८५.५ टक्के घरांत निदान एक स्मार्टफोन आहे. आकडा छान दिसतो. आता ‘असर’ या संस्थेचा २०२३ चा ग्रामीण भागातला अहवाल बघा. १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण फक्त १९.८ टक्के.

म्हणजे दादाचा फोन, जो दादा कॉलेजवरून आला की मिळतो. आईचा फोन, ज्यात बाबांना माहीत असलेला पासवर्ड असतो. अशा फोनवर ॲपने नोंदवलेला ‘स्क्रीन टाइम’ नक्की कुणाचा? अमेरिकेतली फूटपट्टी इथे आणली तर ती एका घरातल्या चार माणसांना एकच माणूस समजेल. कॅलिफोर्नियातल्या मुलीला फोनपासून वाचवायचं कसं, हा तिथला प्रश्न असेल. इथल्या एखाद्या मुलीचा प्रश्न फोन हातात मिळणार कधी, हा असतो. दोन्ही प्रश्न खरे आहेत. जगभर गाजणारे बहुतेक अभ्यास पहिल्याच प्रश्नाचे आहेत, आणि बंदीचे ठराव करताना उसना घेतला जातो तोही पहिलाच. १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बंदी म्हटली की ज्या मुलीला आठवड्यातून दोनदा फोन मिळत होता, तिचं ते दोनदाही जाऊ शकतं.

बंद दाराआडचं व्हॉट्सॲप

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर अशा घटना घडत होत्या आणि बोट व्हॉट्सॲपकडे दाखवलं जात होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त ५ ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. नंतर ती जगभर लागू झाली.

उपाय चालला का? ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपची माहिती वापरून केलेल्या एका अभ्यासाने सांगितलं की मर्यादेमुळे मेसेजचा वेग कमी होतो, पण फार व्हायरल झालेला मजकूर अडत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून २०१९ मध्ये वेगळंच बोट दाखवलं. लोक अडाणी आहेत, खरं-खोटं कळत नाही म्हणून फॉरवर्ड करतात, ही समजूत अपुरी आहे. विशिष्ट समाजांबद्दल आधीपासून मनात असलेला द्वेष आणि संशय त्या मेसेजला वाट करून देतो. राईनपाड्यात मारले गेलेले लोक भटक्या समाजातले होते, हे विसरून नुसतं फॉरवर्डचं बटण मोजून भागणार नाही.

पण मोजायचं तरी कसं? व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. ही सोय आपल्या भल्याची आहे, ती जाऊन चालणार नाही. यावर किरण गरिमेला आणि सिमॉन शोशार या संशोधकांनी उत्तर प्रदेशात एक मार्ग वापरून बघितला: डेटा दान. आपण व्हॉट्सॲप वेब उघडायला जसा क्यूआर कोड स्कॅन करतो, तसाच कोड स्कॅन करून लोक आपणहून ठरावीक ग्रुपमधला मजकूर संशोधकांना देतात. नावं-नंबर काढून टाकले जातात, चेहरे पुसट केले जातात. यातून मिळालेल्या, ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असा शिक्का असलेल्या १,८५८ मेसेजमध्ये एआयने बनवलेला मजकूर जेमतेम १ टक्का निघाला. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा ‘एआय निवडणूक गिळणार’ अशी चर्चा जोरात होती. हा आकडा तेव्हाचा आहे, आज तो तेवढाच असेल असं नाही. म्हणूनच अशी मोजणी पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

या मार्गातही एक खडा आहेच. ग्रुपमध्ये २०० माणसं असतील आणि एकाने संमती दिली, तर उरलेल्या १९९ जणांचं काय?

किल्ली कंपन्यांकडे

डेटा दानाची धडपड करावी लागते, कारण समोरचं दार बंद होत चाललंय. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी मोफत माहिती थांबवली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर काय पसरतंय हे बघण्याचं ‘क्राउडटँगल’ नावाचं साधन होतं, ते मेटाने १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. तुम्ही कुठल्या रीलवर किती सेकंद थांबलात, हे कंपनीला माहीत आहे. ज्यांनी त्याचा परिणाम अभ्यासायचा, त्यांना माहीत नाही.

युरोपने यावर कायदा केलाय. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार तपासून मान्यता दिलेले संशोधक मोठ्या कंपन्यांकडे आतली माहिती मागू शकतात, आणि त्याचे नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेत. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सवलत आहे. पण कंपनीकडून माहिती मिळवण्याचा हक्क त्यात संशोधकाला नाही. आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा नागरिकाचा हक्क २०१९ च्या मसुद्यात होता, तोही अंतिम कायद्यात राहिला नाही. त्यामुळे भारतीयांवरच्या परिणामांचा अभ्यास करायचा तर युरोपातला डेटा जास्त सहज हाती लागेल, अशी उलटी परिस्थिती येऊ शकते. जगातल्या सर्वांत मोठ्या व्हॉट्सॲप बाजारपेठेसाठी हे विचित्रच आहे.

आता पुन्हा वडगावात येऊ. भोंग्याचा उपयोग होतो का, हे खरोखर तपासायचं असेल तर करायला काय लागेल? आसपासची ऊसपट्ट्यातलीच काही गावं निवडायची. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या गावांत भोंगा, अर्ध्यांत नाही. भोंगा सुरू होण्याच्या आधी सहा महिने आणि नंतर वर्षभर मुलांचं वाचन, झोप, घरातलं बोलणं यांची नोंद ठेवायची. फोन कुणाच्या हातात असतो, हे मुलगा आणि मुलगी असं वेगळं लिहायचं. साडेआठनंतर फोनचा वापर तेवढाच राहतो की दीड तासाची भरपाई करत रात्री अकरापर्यंत लांबतो, हेही बघायचं. त्यासाठी काही घरांनी आपल्या फोनची नोंद स्वतःहून द्यायला हवी. आणि सात ते साडेआठ या वेळात स्वयंपाकघरात कोण होतं आणि ओट्यावर कोण होतं, हे विचारायला कुणीतरी घरोघरी जायला हवं. वडगावात सुरुवातीला आशा सेविका जात होत्या, तसंच.